किल्लीची निगा

किल्ली ही वस्तू घरात सगळ्यांच्या हाती असते, आणि बहुधा म्हणूनच ती कोणाच्या ध्यानात नसते. हरवली म्हणजे घरभर धावाधाव होते. सापडली की तिला पुन्हा खुंटीवर टांगून आपण मोकळे होतो. राजांचा इतिहास लिहिला गेला, देवळांचा लिहिला गेला, तोफा-तलवारींचाही लिहिला गेला; परंतु या साऱ्यांची दारे जिने उघडली आणि मिटली, तिच्या वाट्याला चार ओळीही क्वचितच आल्या. मी शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराला किल्लीचा मोठा आधार असतो. किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे एवढे एकदा सांगितले, की त्या घरात कोणाचे चालते हे निराळे सांगावे लागत नाही. तेव्हा या दिवाळीत तिची थोडी विचारपूस करावी असे मनात आले. कमरेच्या जुडग्यापासून निघून मोटारीच्या रिमोट किल्लीपर्यंत जायचे आहे. आणि ती रिमोट किल्ली स्वच्छ कशी ठेवावी, या अगदी घरगुती प्रश्नाशी थांबायचे आहे.

प्रारंभ शब्दांपासून करू. एकदा वर्गात मी मुलांना विचारले, दार बंद करायच्या आणि उघडायच्या वस्तूंची नावे सांगा. फळा पाहता पाहता भरला : किल्ली, चावी, कुलूप, कडी, कोयंडा, अडसर, रिमोट. मुलांना वाटले, हे सगळे एकाच घरचे शब्द. वास्तविक यांतला एकेक शब्द निराळ्या मुलखातून आलेला पाहुणा आहे. ‘किल्ली’ हा आपला जुना शब्द. संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटी, त्याच्या पोटचा. आपला ‘खिळा’ हा तिचा सख्खा भाऊ. ‘कुलूप’ आले अरबी ‘कुफ्ल’पासून, फारसीच्या वाटेने, येताना त्याची दोन अक्षरे आपसांत जागा बदलून बसली. ‘चावी’ समुद्रावरून आली. पोर्तुगीज लोक तिला ‘शावे’ म्हणतात. आणि ‘रिमोट’ हा इंग्रजीतून आला. त्याचा अर्थ ‘दूरचा’. ज्यांचे ज्यांचे पाय या भूमीला लागले, त्यांनी त्यांनी आपल्या दाराला काहीतरी लावून ठेवले आहे!

‘किल्ली’ म्हणजे खुंटी, हे केवळ व्याकरणातले कौतुक नव्हे. जगातली अतिशय जुनी कुलपे लाकडाची होती. इजिप्त आणि असुरिया या देशांत ती वापरात होती. दाराच्या अडसरात भोके असत आणि वरून त्यांत लाकडी खुंट्या पडत. खुंट्या पडल्या की अडसर हलत नसे. किल्ली म्हणजे टोकाशी उभ्या खुंट्या बसवलेली एक लांब लाकडी पट्टी; दिसायला थेट आपल्या दात घासायच्या ब्रशासारखी. ती आत घालून वर उचलली की तिच्या खुंट्या आतल्या खुंट्यांना वर ढकलीत आणि अडसर मोकळा होई. पुढे अमेरिकेत लायनस येल याने १८६१ आणि १८६५ साली ज्या लहानशा चपट्या किल्लीच्या कुलपाचे हक्क घेतले, त्याच्या पोटातही हीच युक्ती आहे. फक्त लाकडाच्या जागी पितळ आले आणि खुंट्यांच्या बुडाशी नाजूक स्प्रिंगा आल्या.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात मात्र थोरामोठ्यांच्या दारांचा भार किल्लीपेक्षा अडसरावर अधिक होता. नळदुर्गाचा किंवा परंड्याचा दरवाजा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच पटेल. जाड फळ्या, आणि आतल्या बाजूला भिंतीत खोल गेलेल्या अडसराच्या खोबणी. किल्ला आतून बंद करायचा असतो. बाहेरच्याला तो उघडताच येऊ नये, हीच त्यातली मेख. तरीही कुलूप-किल्ली होतीच, आणि ती कोणाच्या हाती असावी याला मोठे महत्त्व होते. शिवशाहीत गडाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असत. रायगडची हिरकणीची दंतकथा आपण सर्वांनी ऐकली आहे. संध्याकाळी दरवाजे मिटले, घरी तान्हे मूल, आणि दार काही उघडेना. तेव्हा ती माउली कडा उतरून गेली. कथा खरी असो वा नसो, किल्लीपुढे माणसाची निकड केवढी असू शकते हे त्या कथेने मराठी मनाला कायमचे सांगून ठेवले आहे.

राज्य बदलले म्हणजे किल्ल्यांचे हात बदलत. नळदुर्ग आदिलशाहीकडून मोगलांकडे आणि पुढे निजामाकडे गेला. १८५३ साली कर्जाच्या तगाद्यापायी निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर हा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला, आणि १८६० साली तो परत निजामाकडे आला. त्या मधल्या वर्षांत नळदुर्गास कारभार पाहायला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी होता. तोही कादंबरीकारच! त्याची ‘तारा’ ही १८६३ सालची कादंबरी आमच्या तुळजापुरातून सुरू होते. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने आत शिरली. तिने बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती घेतला आणि नळदुर्ग घेतले. १८ तारखेला हैदराबादचे सैन्य शरण आले. सातव्या निजामाच्या नावावरून पडलेले ‘उस्मानाबाद’ हे जिल्ह्याचे नाव जाऊन २०२३ साली ‘धाराशिव’ झाले. इतक्या हातांतून किल्ल्या गेल्या. पण घराघरांतल्या किल्लीची रीत मात्र या साऱ्या उलथापालथीत जशीच्या तशी राहिली.

ती रीत जुन्या माणसांना पाठ होती. माळवदाच्या घरात धान्याचे बळद असे, खाली पेव असे. त्याला कुलूप नसे. कुलूप असे ते पेटीला, कोठीच्या खोलीला आणि देवघरातल्या फडताळाला. किल्ल्या चांदीच्या छल्ल्यात ओवून घरची कर्ती बाई कमरेला खोवी. सुनेच्या हाती तो छल्ला येणे हा त्या घरातला राज्याभिषेकच म्हणायचा. पण अधिकाराबरोबर कामही येई. माझी आजी दर दसऱ्याच्या आधी सगळ्या किल्ल्या काढून बसे. लोखंडी किल्ली राखेने घासायची, पितळी चिंचेने उजळायची, फडक्याने कोरडी करायची आणि मग कुलपात तेलाचा एक थेंब सोडायचा. एक थेंब, दोन नाहीत! आमच्याकडे करडई पिकते, म्हणून घरात करडीचे तेल. आणि हे तेल हवेवर राहिले की हळूहळू सुकून चिकट होते. त्यावर आमची काळ्या रानाची धूळ बसली की कुलपाचा गळाच धरला जातो. आजी शाळेत गेली नव्हती. पण हे तिला माहीत होते. म्हणून नवा थेंब सोडण्यापूर्वी ती कुलूप रॉकेलने धुऊन काढी. किल्ली सांभाळणे म्हणजे ती न हरवणे, एवढाच अर्थ तिच्या लेखी नव्हता.

मग बाजारात तयार कुलपे आली. अलीगढची आली, आणि मुंबईची आली. मुंबईच्या लालबागेत १८९७ साली अर्देशिर गोदरेज या पारशी गृहस्थाने कुलपांचा कारखाना काढला. हे गृहस्थ मुळात वकील. वकिली सोडून ते कुलपांकडे वळले. परदेशी मालापेक्षा देशी माल चांगला निघू शकतो हे त्यांना दाखवायचे होते. त्यांचे कुलूप घरात असणे ही आमच्या बाजारपेठांतून मोठी प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

कुलूप कितीही पक्के असो, ते उघडणारा कोणीतरी जन्माला येतोच. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा याच्या दुकानात एक कुलूप मांडलेले असे. ते उघडील त्याला २०० गिनी बक्षीस. पुष्कळ वर्षे ते तसेच राहिले. १८५१ साली तिथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर आला आणि १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खटपट करून त्याने ते उघडले. कुलपाची प्रगती ही अशी चोराच्या पाठोपाठ झालेली आहे. मोटारीच्या किल्लीचीही तीच कथा.

मोटार प्रथम आली तेव्हा तिला चालू करायला किल्ली नव्हतीच. पुढच्या बाजूस लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवावे लागे. हँडल उलटे फिरले तर हात मोडे. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याच्या विजेच्या सेल्फ-स्टार्टरने ते संकट टळले. किल्ली फिरवताच इंजिन सुरू व्हावे, ही सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली. आपल्याकडे आमच्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिची फियाट आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर या गाड्यांनी दोन पिढ्यांचा प्रवास केला. त्यांची किल्ली म्हणजे धातूची एक साधी पट्टी. धोतराच्या सोग्याने पुसली की तिची निगा संपली.

१९८२ साली फ्रान्समधल्या रेनॉ फ्युएगो या मोटारीला दुरून दार उघडणारी किल्ली मिळाली. खुंटीची किल्ली तेव्हापासून डबीची झाली. आज ती आमच्या तालुक्याच्या गावांतूनही खिशाखिशांत आहे. आरंभीच्या अशा किल्ल्या एकच ठराविक संकेत पाठवीत. चोरांनी तो यंत्राने पकडून पुन्हा वाजवायला सुरुवात केली. तेव्हा कारागिरांनी अशी युक्ती काढली की दर वेळी नवा संकेत जावा, आणि पुढचा संकेत कोणता हे फक्त त्या गाडीला आणि त्या किल्लीला ठाऊक असावे. शिवाय आत एक बारीक चिप बसवली. ती ओळख पटवील तरच इंजिन सुरू होणार. हॉब्जसाहेबांना हे कुलूप ५१ तासांत खासच उघडले नसते.

परंतु चोराला जे साधत नाही ते कधी कधी आपली भक्ती साधून जाते. आमच्याकडे दसऱ्याला वाहनाची पूजा होते. नवी गाडी घेतली की पुष्कळजण ती आधी तुळजापुरास नेतात. गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि किल्ली पूजेच्या ताटात. त्या किल्लीवर हळद, ओले कुंकू, अक्षता आणि वर पळीभर पाणी! लोखंडी किल्लीला याने काही होत नव्हते. या डबीला होते. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एका घरी अशीच सांग्रसंगीत पूजा झाली. दोन दिवसांनी रात्री दीड वाजता त्यांच्या लेकीला कळा सुरू झाल्या. जायचे सोलापूरला, म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर. आणि गाडीचे दार उघडेना. किल्लीचे बटण दाबून दाबून बोट दुखले. गल्लीतली सगळी माणसे जागी झाली, पण कोणाला काही सुचेना. शेवटी एका गॅरेजात काम करणाऱ्या पोराला फोन लावला. त्याने झोपेतच दोन वाक्ये सांगितली : “किल्लीच्या पोटात एक लोखंडी किल्ली असते, ती ओढून काढा आणि दार उघडा. मग ही डबी स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा आणि बटण दाबा.” दार उघडले, भोंगा केकाटला, पण गाडी सुरू झाली. लेक सुखरूप सोलापूरला पोचली आणि पहाटे तिला मुलगी झाली. हिरकणीला जो कडा उतरावा लागला तो या पोरीला उतरावा लागला नाही, तो त्या दोन वाक्यांमुळे.

त्या पोराला दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भेटलो आणि ती डबी माझ्यासमोर उघडायला लावली. आत काय असते हे वाचकांनीही एकदा पाहून ठेवावे. वर रबराची बटणे. त्यांच्याखाली नखाएवढ्या कळा. एक हिरवी पाटी. आणि तळाशी रुपयासारखा चपटा सेल. पुष्कळ किल्ल्यांत त्यावर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. हा आकडा म्हणजे गूढ मंत्र नव्हे : २० मिलिमीटर रुंदी आणि ३.२ मिलिमीटर जाडी, एवढाच त्याचा अर्थ. शक्ती ३ व्होल्टची. दुरून दार उघडायला हा सेल लागतो. इंजिनाला ओळख पटवणारी चिप मात्र सेलावाचूनही चालते; जवळ नेली की गाडीच तिला लागेल तेवढी शक्ती पुरवते. म्हणूनच सेल मेला तरी किल्ली बटणाला टेकवून बहुतेक गाड्या सुरू होतात. कोणत्या गाडीत ही किल्ली नेमकी कोठे धरायची ते गाडीबरोबरच्या पुस्तकात दिलेले असते. तेवढे एक पान दिवाळीच्या सुट्टीत वाचून ठेवावे.

आता साफसफाई. शेजाऱ्यांच्या त्या डबीत हळदीची पूड बटणांच्या कडेने आत गेली होती आणि पाण्याने पाटीवर हिरवट गंज धरू लागला होता. त्या पोराने आधी सेल काढला. हा पहिला नियम : सेल काढल्याशिवाय आत काही करू नये. मग मऊ कोरड्या ब्रशाने सांधी झाडली. चार हजार वर्षांपूर्वीच्या किल्लीचा आकार आता किल्ली साफ करायला आला! रबराचा तुकडा वेगळा निघत होता. तो साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवला. पाटी मात्र पाण्याने धुतली नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून हलकेच पुसली आणि वाळू दिली. सेलाच्या जागेचे धातूचे टोक पुसले. नवा सेल कडेने धरून, अधिकाची खूण जुन्या सेलाप्रमाणे ठेवून बसवला. डबी मिटताना तिच्या कडेची रबरी कड नीट बसली आहे ना, हे पाहिले. सारे काम पंधरा मिनिटांचे.

आणि आजीच्या नियमांपैकी एक येथे अगदी उलटा करावा लागतो : तेल नको. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचेही नाव नको. त्यांनी प्लास्टिक आणि रबर बिघडते. आत दडलेली धातूची किल्ली दाराच्या कुलपात अडकू लागली तर तिथेही तेलाऐवजी शिसपेन्सिलीत असते तशी ग्राफाइटची कोरडी पूड चालते. धूळ तिला चिकटत नाही. किल्ली पाण्यात पडली तर बटण दाबून पाहायचा मोह टाळावा. लगेच सेल काढावा, पाणी झटकावे, पुसावे आणि सावलीत सुकवावे. आमच्याकडच्या वैशाखातल्या उन्हात ती गाडीच्या काचेखाली ठेवू नये. दार पूर्वीपेक्षा जवळून उघडू लागले, दोनदा-तीनदा दाबावे लागू लागले, की सेल संपत आला असे समजावे. खेळणे म्हणून ती मुलांच्या हाती देऊ नये. गाडीपासून दूर असताना शेकडो वेळा बटण दाबले गेले तर किल्लीची आणि गाडीची संकेतांची मोजदाद चुकू शकते. पूजा अवश्य करावी. किल्ली स्वच्छ कोरड्या विड्याच्या पानावर ठेवून वर एक फूल वाहावे. देवीला पळीभर पाण्याचे अडलेले नाही.

एक गोष्ट मात्र सर्वांत महत्त्वाची आहे, आणि घरात लहान मूल असेल त्यांनी ती विसरू नये. तो चपटा सेल चकाकतो, गोळीसारखा दिसतो, आणि मूल तो तोंडात घालते. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत तो आतून गंभीर भाजू शकतो. जुना, मेलेला सेलही धोक्याचा असतो. मुलाने सेल गिळल्याची शंका जरी आली, तरी उलटी काढायचा प्रयत्न करू नये, वाट पाहू नये. तडक मोठे रुग्णालय गाठावे. दिवाळीच्या आवराआवरीत काढलेले जुने सेल फराळाच्या डब्यांशेजारी पडून राहतात. त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंच ठेवावे आणि पुढे दुकानदाराकडे द्यावे. कचऱ्यात किंवा विस्तवात टाकू नयेत.

शेवटी पुन्हा एका शब्दाकडे वळतो. मराठीच्या मास्तराला तेवढी मुभा असावी. ‘निगा’ हा शब्दही बाहेरूनच आला आहे. फारसीत ‘निगाह’ म्हणजे नजर. निगा राखणे म्हणजे मुळात नजर ठेवणे. आजीची नजर किल्लीवर होती, म्हणून तिला तेलाचा गुणही ठाऊक होता आणि दोषही. आपल्या हातातली किल्ली ‘दूरची’ झाली. ती आत कशी आहे हे आपण कधी पाहिलेच नाही, आणि न पाहिलेल्या वस्तूची पूजा तेवढी करत राहिलो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपड्या मांडाल, तिजोरीच्या किल्ल्या मांडाल, तेव्हा मोटारीची किल्लीही मांडा. पण त्याआधी सकाळी पंधरा मिनिटे ती उघडून बघा, आणि आतली लोखंडी किल्ली कशी ओढायची हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवून ठेवा. रात्री-अपरात्री निघायची वेळ कोणावर येईल हे सांगता येत नाही. ती वेळ आलीच, तर दार उघडो.